चूल, बंब, फायरप्लेस : धूर घरातच का फिरतो?

मे महिन्यात ४५ अंशाला होरपळणारं आपलं जळगाव-भुसावळ जानेवारीत पहाटे शेकोटीभोवती बसलेलं असतं, धुळ्यात तर काही वर्षी पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे या महिन्यातली जवळपास सगळी पत्रं जाळाची आणि धुराची आहेत. मी पंचवीसेक वर्षं घरबांधणीची कामं करतोय, त्यात चुली, बंबाच्या खोल्या, ढाब्यांच्या भट्ट्या आणि अलीकडे शेतातल्या घरांमधल्या फायरप्लेस असं बरंच काही बांधून आणि दुसऱ्यांनी बांधलेलं दुरुस्त करून झालंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : दादा, पिंपळनेरजवळ शेतात मागच्या वर्षी घर बांधलं. मुलाची हौस म्हणून हॉलमध्ये लाकडाची फायरप्लेस केली. तोंड तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. वर सहा इंची लोखंडी पाईप स्लॅबमधून काढलाय, स्लॅबच्या वर तो दीड-दोन फूट आहे, शेजारी पाण्याची टाकी. पेटवली की अर्धा धूर हॉलमध्ये. मागचं दार उघडलं की कमी होतो, पण मग थंडी आत येते. मिस्त्री म्हणतो लाकूड ओलं आहे. खरं काय?

काका, लाकूड ओलं असेलही, पण तुमच्याकडे खरी अडचण पाईपची आहे. हिशोब करून बघा. तोंड ३६ इंच बाय ३० इंच, म्हणजे १०८० चौरस इंच. उघड्या फायरप्लेसला धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण दहावा हिस्सा तरी लागतं, म्हणजे १०८ चौरस इंच. सहा इंची गोल पाईपचं क्षेत्रफळ भरतं फक्त २८. जिथे बारा इंची पाईप पाहिजे तिथे सहा इंची बसवलाय, लाकूड कितीही वाळलेलं आणा, तेवढ्यातून तेवढा धूर जाणारच नाही, उरलेला हॉलमध्येच येणार.

आता दार उघडल्यावर धूर कमी का होतो ते. तेलाचा पंधरा किलोचा डबा आपण फोडतो तेव्हा एक भोक पाडून थांबत नाही, समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडतो, नाहीतर तेल भकभक करत अडकत येतं. घराचंही तसंच आहे. धुराड्यातून जेवढी हवा वर जाते तेवढी कुठून तरी आत यावी लागते. आमच्या लहानपणीच्या धाब्याच्या घरांत फटी होत्या, झरोके होते, हवा मिळायची. आता स्लायडिंगच्या खिडक्या रबराने गच्च बसतात, दाराखाली पट्टी असते, हवा येणार कुठून? त्यात स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन किंवा किचन चिमणी चालू असेल तर ती घरातली हवा बाहेर ओढते आणि ती भरून काढायला फायरप्लेसचा पाईप उलटा चालायला लागतो, धूर खाली येतो. मागे एका घरी सगळं तपासून झालं तरी काही सापडेना, शेवटी वहिनींनी भाजीला फोडणी दिली, फॅन लावला, आणि आमच्या डोळ्यासमोर धूर पाईपमधून परत फिरला.

तुम्ही हे करून बघा. जाळ न लावता, खिडक्या-दारं बंद करून, एक उदबत्ती पेटवून फायरप्लेसच्या तोंडाच्या वरच्या काठाशी धरा. धुराची रेघ आत वाकून वर गेली तर पाईप ओढतोय. बाहेर तुमच्याकडे आली तर उलटा चाललाय. मग मागची खिडकी दोन बोटं उघडा, परत बघा. मग एक्झॉस्ट लावून बघा. पाच मिनिटांत कळतं.

टाकीचंही बोलतो. वारा टाकीला किंवा पॅरापेटला आपटून खाली वळतो आणि पाईपच्या तोंडात घुसतो. नियम असा की धुराडं छतातून जिथे बाहेर पडतं तिथून कमीत कमी तीन फूट वर हवं, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा दोन फूट जास्त. तुमची टाकी समजा स्टँडसकट पाच फूट असेल तर पाईप सात फूट न्या आणि तारेने तीन बाजूंनी ताणून बांधा. उंची वाढली की ओढही वाढते, कारण गरम हवा हलकी असते आणि गरम हवेचा खांब जेवढा उंच तेवढा तो जोरात वर जातो.

खर्च करायचा तर दोन रस्ते आहेत. एक, बारा इंची धुराडं नवीन करणं, म्हणजे स्लॅब फोडणं आलं. दुसरा मला जास्त पटतो. आहे त्या जागेत दार असलेला बंद लोखंडी स्टोव्ह बसवा, त्याला बहुतेक वेळा सहा इंची पाईप पुरतो. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाची बहुतेक उष्णता पाईपमधूनच निघून जाते, खोलीला जेमतेम दहा-पंधरा टक्के मिळते, बंद स्टोव्ह त्याच्या कितीतरी पट देतो आणि लाकूड कमी खातो. जाळ दिसावा अशी मुलाची हौस असेल तर काचेच्या दाराचा घ्या. आणि हवेसाठी स्टोव्हच्या मागे भिंतीतून तीन-चार इंची भोक पाडून जाळी लावा, म्हणजे दार उघडं ठेवावं लागणार नाही.

प्रश्न : नमस्कार दादा, चोपडा तालुक्यातून लिहितेय. मागच्या अंगणात शेडखाली चूल आहे, सासूबाईंना भाकरी चुलीवरचीच लागते. चुलीला पाईप आहे, मध्ये एक बेंड आहे. दोन वर्षांपासून पाईपच्या जोडातून काळं-तपकिरी चिकट पाणी गळतंय, भिंतीवर ओघळ आलेत, वास जात नाही. आम्ही पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि बाभूळ जाळतो. शेजारच्या काकू म्हणतात जाळात मूठभर मीठ टाका, पाईप साफ होतो. टाकू का?

ताई, मीठ टाकू नका. त्याने पाईप साफ होत नाही, उलट मिठामुळे लोखंड लवकर गंजतं. आणि हे गळणं गंमतीने घेऊ नका, तुमच्या पत्रातली ही ओळ वाचून मला काळजी वाटली.

ते चिकट पाणी म्हणजे क्रिओसोट. लाकूड नीट न जळता नुसतं धुमसतं तेव्हा धुरात न जळालेले तेलकट अंश आणि वाफ राहते. हा धूर पाईपच्या थंड भागाला लागला, साधारण १२० अंशांच्या खाली उतरला की हे सगळं आतून पाईपला धरतं, थंडगार पाण्याच्या ग्लासला बाहेरून दव धरावं तसं. आधी भुसभुशीत काजळी असते, ती ब्रशने पडते. मग खडबडीत पापुद्रे होतात. आणि त्याकडे लक्ष दिलं नाही तर डांबरासारखा चकचकीत थर होतो, तो खरवडून निघत नाही. हे तिन्ही पेट घेतात, आणि डांबरासारखा थर सगळ्यात वाईट पेटतो.

हे मी पाहिलंय. मामाच्या शेतात एका लग्नाआधी खापरावरचे मांडे करायला दोन दिवस सलग चूल चालली होती, पाईप कधी साफ केलेला नव्हता. संध्याकाळी एकदम आगगाडी जवळून जावी तसा आवाज यायला लागला. आम्ही बाहेर येऊन बघतो तर पाईपचा जोड लाल झालेला, वरून ठिणग्यांचा फवारा, आणि दहा पावलांवर कडब्याची गंजी. एका मामाने बादली उचलली, पण आजोबांनी त्यांचा हात धरला. ते बरोबर होतं. पेटलेल्या धुराड्यात पाणी ओतलं तर विटांचं असेल तर तडकतं आणि वाफ अंगावर येते. चुलीच्या तोंडावर ओली पोती टाकून हवा बंद केली, दुसऱ्यांनी गंजीवर पाणी मारलं, माणसं लांब केली. आग आपोआप बसली, पण आत तापमान हजार अंशांच्या पुढेही जाऊ शकतं, तो पाईप नंतर हाताने दाबला तर चिप्ससारखा मोडला. तुमच्याकडे असं झालं तर हवा बंद करा, सगळे बाहेर या, आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. विझल्यावर तो पाईप परत वापरू नका.

आता सफाई. चूल एक दिवस पूर्ण थंड होऊ द्या. राख काढा, चुलीच्या तोंडावर ओलं गोणपाट टाका म्हणजे काजळी घरात येणार नाही. डोळ्याला चष्मा, नाकाला चांगला मास्क, नुसता रुमाल पुरत नाही. पाईपच्या मापाचा गोल वायर ब्रश मिळाला तर उत्तम, नाहीतर आम्ही काय करतो, सुंभाचा घट्ट गोळा करून त्याच्या मधोमध दोरी ओवतो, एक टोक वर एक खाली, एक माणूस वरून ओढतो एक खालून, आठ-दहा वेळा वरखाली केलं की सगळं खाली येतं. तुमचा बेंड मात्र काढूनच साफ करा, सगळ्यात जास्त तिथेच साचतं. पुढच्या वेळी बेंडच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवा, खालच्या तोंडाला झाकण, म्हणजे झाकण काढलं की काजळी हातात. आत बॅटरी मारून बघा, थर एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांइतका, म्हणजे ३ मिलिमीटरच्या आसपास दिसला की साफ करायचं, तारीख बघत बसायचं नाही. रोजची चूल असेल तर वर्षातून दोनदा तरी बघा. चकचकीत डांबर धरलं असेल तर घासत बसू नका, पत्र्याचा पाईप बदला.

आणि जोड उलटा बसवलाय का बघा. वरच्या पाईपचं टोक खालच्या पाईपच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे ओघळ आतल्या आत खाली चुलीत येतो. तुमच्याकडे भिंतीवर ओघळ येतात म्हणजे वरचा पाईप खालच्यावर टोपीसारखा बसवलाय. पत्रेवाले बऱ्याचदा पावसाचं पाणी डोक्यात ठेवून तसा बसवतात.

मूळ मात्र लाकडात आहे. पऱ्हाट्या लवकर वाळतात आणि भडकन जळतात, त्या दोषी नाहीत. बाभूळ बघा. ताज्या तोडलेल्या दहा किलो लाकडात चार-पाच किलो पाणीच असतं, जाळाची सगळी ताकद आधी ते पाणी उकळवण्यात जाते. माझी आजी चूल फुंकता फुंकता म्हणायची, "लाकूड वल्लं शे, म्हनीसन धूर घरमाच फिरस." तिने कुठे शिकलं नव्हतं, पण निदान बरोबर होतं.

प्रश्न : माझी मुलगी बाळंतपणाला आलीय. आमच्याकडे बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत आहे, थंडीही आहे. जावई म्हणतात नको. खोली लहान आहे, खिडकी बंद ठेवतो कारण बाळाला वारा लागतो. कोळसे लाल झाले की धूर राहत नाही, मग काय हरकत? (धुळे)

मावशी, जावई बरोबर बोलतायत. हे उत्तर मी सगळ्यात आधी छापा असं सांगितलं होतं, जागेमुळे इथे आलंय, पण कृपा करून आजच वाचा आणि आजच शेगडी बाहेर काढा.

धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं नाही, उलटं आहे. लाल कोळशातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे झोंबत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट या वायूला धरतं, म्हणजे माणूस श्वास घेतोय पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळ, चक्कर, खूप झोप. बाळंतीण तशीही थकलेली असते, सगळ्यांना वाटतं आराम करतेय. बाळ तर सांगूच शकत नाही.

मी बांधलेल्या एका घरात हे घडलंय. मालकांनी झोपायच्या खोलीतला वरचा झरोका नको म्हटलं, धूळ येते, आणि मी तो बुजवून दिला. दोन वर्षांनी थंडीत रात्री शेगडी आत घेऊन चौघं झोपली. पहाटे त्यांच्या वडिलांना उलटी आली म्हणून ते कसेबसे उठले, दार उघडलं, आणि त्यामुळे सगळे वाचले. आधी सगळ्यांना वाटलं रात्रीचं जेवण बाधलं. त्या झरोक्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कोणी कितीही सांगितलं तरी मी झोपायच्या खोलीचा झरोका बुजवत नाही.

शेक द्यायचाच असेल तर कपडे, दुपटी बाहेर शेगडीवर गरम करून आत आणा. बाळंतिणीला गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून द्या. बाळाला टोपी, मोजे, आणि आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून पांघरूण घालून ठेवलं तर बाळ जितकं उबदार राहतं तितकं शेगडीने राहत नाही. वावडिंग-ओव्याची धुरी बाळाच्या खोलीत नको, एवढ्याशा छातीला कसलाही धूर त्रासच देतो. कोणाचं डोकं दुखायला लागलं आणि खोलीबाहेर आल्यावर बरं वाटलं तर ते लक्षण समजा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा, डॉक्टरांना शेगडी होती हे आवर्जून सांगा.

पाण्याच्या बंबाचंही हेच. दोघा-तिघांनी विचारलंय की बंब न्हाणीघरात आत ठेवला तर चालेल का. नाही चालणार. अंगणात ठेवा, पाणी बादलीने आत न्या. बंबाच्या मधल्या नळीतून धूर वर जातो तो त्याच खोलीत जातो, आणि त्यात दार लावून कोणी आंघोळ करत असतं. घरात फायरप्लेस किंवा बंद स्टोव्ह असेल त्यांनी कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म घ्यावा, ऑनलाईन मिळतो, सेलवर चालतो, झोपायच्या खोलीजवळ लावावा.

प्रश्न : चुलीची राख भरपूर साठते. केळीच्या बागेत टाकली तर चालेल ना? (यावल)

भाऊ, जपून. राखेत पोटॅश असतं आणि केळीला पोटॅश लागतं हे खरं, पण राख विम्लधर्मी म्हणजे अल्कधर्मी असते आणि आपल्याकडच्या काळ्या जमिनी बहुतेक आधीच तशाच असतात. रोज एकाच झाडाच्या बुडाशी टाकू नका, शेणखतात थोडी थोडी मिसळा, आणि माती तपासून घेतली असेल तर त्या रिपोर्टप्रमाणे. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड किंवा प्लास्टिक जाळलेली राख अजिबात नको, आणि खरं म्हणजे ते चुलीत जाळूच नका, पीव्हीसीच्या धुरातून आम्ल तयार होतं, पाईप खातं आणि छातीही. दुसरं, राख पोत्यात किंवा प्लास्टिकच्या घमेल्यात भरू नका. आतले निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतात. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, गोठ्यापासून लांब ठेवा.

प्रश्न : जुन्या चुलीला सिमेंटचा राखाडी पाईप आहे, फुटलाय. कापून छोटा करून वापरू का? (शिंदखेडा)

नका कापू. जुन्या सुधारित चुलींना असे पाईप सर्रास लावले जायचे, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. कापताना, घासताना जी धूळ उडते ती फुफ्फुसात बसते आणि परत निघत नाही. पाणी मारून ओला करा, न तोडता अख्खा उतरवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, पोरांना त्याच्यापासून लांब ठेवा. नवीन लावताना चुलीच्या तोंडाजवळचा पहिला तुकडा जस्ताच्या पत्र्याचा घेऊ नका, तिथे सगळ्यात जास्त तापतं आणि जस्ताचा लेप टिकत नाही, तिथे काळा लोखंडी जाड पाईप घ्या. चुलीच्या आत सिमेंटचा गिलावाही नको, उष्णतेने तडकतो. पांढरी माती, शेण आणि गव्हाचा भुसा हेच तिथे टिकतं, तडा गेला तर परत लिंपता येतं.

प्रश्न : जाळायला लाकूड कोणतं चांगलं आणि वाळलं की नाही कसं ओळखायचं? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

बाभूळ उत्तम, जड असतं, निखारा टिकतो. कडुनिंब, आंबा चालतात. तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या पेटवायला आणि भरताची वांगी भाजायला, रात्रभर शेकायला त्या पुरत नाहीत. कोणतंही असो, २० टक्क्यांपेक्षा कमी ओल हवी. दोन तुकडे एकमेकांवर आपटा, टणकन आवाज आला तर वाळलंय, धप्प आला तर नाही. वाळलेल्याच्या टोकाला चिरा पडतात, साल हाताने निघते. ओलं जाळलं की टोकातून फेस येतो.

आपल्याकडे एक गोष्ट देवाने फुकट दिलीय, ती म्हणजे उन्हाळा. मार्चमध्ये लाकूड मनगटाएवढं फोडून, जमिनीपासून दोन विटा वर, आडवं-उभं हवा खेळेल असं उन्हात रचा. जाड ओंडका तसाच ठेवला तर वर्षभर आतून ओलाच राहतो, फोडलेलं मात्र एप्रिल-मेच्या उन्हात झपाट्याने वाळतं. मृग लागायच्या आधी वर पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा. प्लास्टिकमध्ये गच्च बांधलं की आत घाम धरतो आणि सगळी मेहनत जाते. आणि त्यातलं एक-दोन मोळ्या घरात कोरड्या जागी वेगळं काढून ठेवा, श्रावणात कानबाईचे रोट करायला घेता तेव्हा बाहेर पाऊस असतो, लाकूड दमट असतं आणि धुराडं चार महिने बंद असतं. त्या दिवशी पेटवायच्या आधी वरून बॅटरी मारा, पावसाळ्यात गांधीलमाश्या आणि चिमण्या पाईपमध्ये घर करतात. मोकळं दिसलं की आधी दोन वर्तमानपत्रं चुरगाळून पाईपच्या तोंडाशी जाळा, आत बसलेली थंड हवा वर जाऊ द्या, मगच लाकूड लावा.